रोटाच्या दिवसांत दिलेले रक्त

दिनांक ९ सप्टेंबर १९९१, सोमवार, पोळ्याचा दुसरा दिवस. सोनगीरच्या अलीकडे, मुंबई-आग्रा महामार्गालगत चाललेल्या पाण्याच्या पोलादी नळाच्या कामावर कंत्राटदाराच्या साइट इंजिनिअरने सर्व मजुरांना एकत्र बोलावले आणि एका आडव्या नळावर उभे राहून जाहीर केले की, हिलाल अभिमन पाटील या मजुराने किरणांनी हात भाजल्याची केलेली तक्रार खोटी आहे. मुंबईच्या प्रयोगशाळेत त्याच्या नावाने पोहोचलेले रक्त एका बाईचे निघाले आहे. "आता एक तर रक्त खोटं आहे, नाही तर हिलाल पुरुष नाही. तुमचं तुम्ही ठरवा," हे त्यांचे शेवटचे वाक्य. मजूर हसले. त्यांतले निम्म्याहून अधिक आमच्या गावचे होते आणि त्यांत आमचे भाऊबंदही होते. ही नोंद मी येथे करतो, कारण ती अन्यत्र कोठेही झालेली नाही. इंजिनिअरचे नाव संपादकांच्या विनंतीवरून गाळले आहे. हसणाऱ्यांची नावे गाळण्याची विनंती कोणी केली नव्हती. ती मी आपण होऊन गाळतो, कारण ती लिहू लागलो तर ओळीने माझेच आडनाव लिहावे लागेल.

हिलाल माझा दूरचा चुलतभाऊ, वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मी जळगावच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि सणावारी गावी जातो. माझ्या आठवणीतला हिलाल म्हणजे लग्नाच्या पंगतीत पाण्याची बादली घेऊन फिरणारा माणूस. तो स्वतः कधी पहिल्या पंगतीला बसल्याचे मला स्मरत नाही. उंचीने ताडमाड, आणि उंचीचाच संकोच वाटावा तसा किंचित वाकून चालणारा. बोलणे बेताचे. थट्टा केली तर उत्तर सुचत नसे, आणि सुचले तर दुसऱ्या दिवशी, तेही एकटा असताना. त्याला एक सवय होती. वाटेत पडलेला खिळा, तारेचा तुकडा, तुटलेला नाल दिसला की तो उचलून खिशात टाकायचा. बैलाच्या खुरात जाईल म्हणून. घरी आल्यावर भिकुबाई, म्हणजे त्याची आई, सदऱ्याचा खिसा उलटा करून ते लोखंड कोनाड्यातल्या डब्यात टाकी आणि पुटपुटे की या पोराच्या खिशाला शिवणच पुरत नाही.

नळाच्या कामावर तो मदतनीस होता. दोन नळ वितळवून जोडले की जोड आतून पक्का झाला आहे की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी किरणांचा कॅमेरा आणतात. शिशाने मढवलेल्या जड पेटीत करंगळीच्या पेराएवढी एक धातूची कुपी असते. तिच्यातून क्ष-किरणांसारखे, पण त्यांहून भेदक किरण अहोरात्र बाहेर पडत असतात. लांब तारेने ती कुपी पेटीबाहेर ढकलायची, जोडाच्या एका बाजूला आणायची, दुसऱ्या बाजूच्या फिल्मवर चित्र उमटले की परत पेटीत ओढून घ्यायची. हे काम करणारा कॅमेरेवाला छातीवर एक बिल्ला लावतो. त्याच्या अंगावर किती किरण पडले हे तो बिल्ला पुढे सांगतो. हिलाल आणि त्याच्यासारखे मदतनीस नळ सरकवणार, फिल्म बांधणार, माती उकरणार. त्यांना बिल्ला नव्हता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी तारेचे टोक सुटले आणि कुपी परत पेटीत आलीच नाही. कॅमेरेवाल्याच्या ते ध्यानात आले नाही. तपासणीचे यंत्र त्याने त्या दिवशी गाडीतच ठेवले होते. नळी गुंडाळताना कुपी मातीत पडली. थोड्या वेळाने बैलगाडीच्या चाकोरीत हिलालला एक चकचकीत तुकडा दिसला. त्याने तो उचलला, बोटांत फिरवून पाहिला आणि सवयीने सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकला. चहाची सुट्टी होईपर्यंत तो तेथेच होता. चहा पिताना त्याने तो तुकडा कॅमेरेवाल्याला दाखवला आणि तुमचे काही पडले आहे का, असे विचारले. कॅमेरेवाल्याने हातातला पेला टाकला. लांब चिमट्याने कुपी उचलून पेटीत घातली, आणि मग हिलालला बाजूला नेऊन बजावले की हे कोणाला सांगशील तर दोघांचेही काम जाईल. हिलालने कोणाला सांगितले नाही. त्या संध्याकाळी त्याला दोन उलट्या झाल्या. भिकुबाईने त्या शिळ्या कढीच्या खात्यावर टाकल्या.

त्यानंतरचे पहिले दोन दिवस वाया गेले हे पुढे एका डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितले. किरणांचा मोठा मारा झाला की रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी पहिल्या दोन दिवसांतच झपाट्याने घटतात. तेव्हा दर काही तासांनी रक्त मोजले असते तर मारा किती हे त्या उतारावरूनच कळले असते. पण त्या दोन दिवसांत कॅमेरेवाला गप्प होता आणि हिलाल शब्दाला जागत होता.

आठवड्याने उजव्या हाताची दोन बोटे लाल झाली. मग सुजली, मग फोड आले. छातीवर खिशाच्या मापाचा एक चौकोनी डाग उठला. धुळ्याच्या एका खासगी डॉक्टरांनी तो चौकोन पाहिला, तो कोठे काम करतो हे विचारले, आणि सरळ प्रश्न केला की खिशात काय होते. तेव्हा कोठे गोष्ट बाहेर आली. कंत्राटदाराने साफ नाकारले. वेल्डिंगच्या ठिणगीने भाजले असेल, तेजाब सांडले असेल. कॅमेरेवाल्याचा बिल्ला कोरा होता, कारण कुपी त्याच्या खिशात नव्हतीच. डॉक्टरांनी सुचवले की रक्तच तपासावे, आणि कंत्राटदाराने ते मान्य केले.

ही तपासणी काय असते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. आपल्या पेशीतल्या प्रत्येक गुणसूत्राला एक कंबर असते. किरणांनी गुणसूत्रे तुटली की तुटलेली टोके कधी कधी भलत्याच टोकांना जुळतात आणि दोन कमरांचे एक गुणसूत्र तयार होते. निरोगी माणसात अशी पेशी हजारांत एखादी. किरण लागलेल्या माणसात त्या वाढतात, आणि किती वाढल्या त्यावरून किती किरण लागले याचा अंदाज करता येतो. ज्याच्याजवळ बिल्ला नाही, त्याचे रक्त हाच त्याचा बिल्ला.

हे मी वाचकांना सांगितले. हिलालला, भिकुबाईला किंवा त्या घरातल्या कोणालाही हे कोणी सांगितले नव्हते.

रक्त घ्यायला डॉक्टरांचा कंपाउंडर सुकदेव बर्फाची पेटी घेऊन गावी आला तो मंगळवार होता, आणि आदल्याच सोमवारी आमच्याकडची कानबाई उठली होती. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरांत कानबाई ही देवी बसते आणि सोमवारी उठते, म्हणजे तिचे विसर्जन होते. कुळातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ धान्य मोजून दळतात आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. ते रोट कुळातल्यांनीच खायचे, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. ते सरेपर्यंत घरातले मीठसुद्धा शेजारी जात नाही. रोट खाऊन हात धुतलेले पाणी खड्ड्यात पुरतात, कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरी आलेली असली तरी तिला रोट मिळत नाही, कारण तिचे कूळ बदललेले असते. हिलालची धाकटी बहीण कमलबाई बोदवडला दिलेली. ती राखीपर्यंत राहायला आली होती आणि वेगळ्या तव्यावरची भाकरी खात होती.

सुकदेवने ओट्यावर बसून सुई काढली आणि भिकुबाई मध्ये उभी राहिली. हात धुतलेले पाणी जेथे पुरले जाते, तेथे रोटाच्या अन्नाने भरलेले रक्त आगगाडीत बसून मुंबईला जाणार, कोणाकोणाच्या हातांतून जाणार, शेवटी कोठल्या मोरीत ओतले जाणार. त्या बाईच्या दृष्टीने हे पाहा. मी शास्त्र शिकवतो आणि मला तिच्या विचारात तुटलेला दुवा सापडत नाही.

"रोटना अन्ननं रगत शे ते," ती म्हणाली. "मी बाहेर जाऊ देवाव नही."

"बादलीभर नही लेस, माय. चमचाभर लेस."

"चमचाभर इख बी इखच ऱ्हास."

सुकदेवला धुळ्याची परतीची एस.टी. धरायची होती, बर्फ वितळत होता. तो आणखी चार दिवसांनी येतो म्हणाला असता तर हे लिहिण्याची वेळ आली नसती. पण तसे चालते की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हते, आणि विचारण्याची त्याची पद्धत नव्हती. तेवढ्यात कमलबाई तव्यावरून उठून आली आणि तिने पोलक्याची बाही वर सारली.

"मनं ल्या. एकच मायना पोटना शेतस आम्ही."

सुकदेव हसला. "तू ते आते बोदवडनी. रगत बी बोदवडनं व्हई गयं व्हई."

"कूळ बोदवडनं, रगत आठलंच शे," ती म्हणाली.

सगळ्यांना हा तोडगा पटला. देवीचा नियम राहिला, डॉक्टरचे कामही झाले. एका आईच्या पोटचे रक्त एकच, ही गोष्ट आमच्या भागात कोणी वादाला घेत नाही. हिलाल ओट्याच्या कडेला बसून होता. त्याला विचारले गेले नाही. सुकदेवने नळी भरली, वर हिलालचे नाव लिहिले, पेटीत ठेवली आणि चहा पिऊन गेला.

प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन दिवस वाढवतात, विभागणीच्या ऐन क्षणी थांबवतात आणि काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे पाहतात. दोन कमरांची गुणसूत्रे मोजायला पुष्कळ वेळ लागतो. रक्त स्त्रीचे की पुरुषाचे हे मात्र पहिल्याच काचेवर दिसते. प्रयोगशाळेने कंत्राटदाराच्या कार्यालयाला फोन करून एवढेच कळवले की आलेले रक्त स्त्रीचे आहे, म्हणून या मजुराविषयी काहीही सांगता येत नाही, नवे रक्त पाठवा. त्याचे इंजिनिअरने नळावर उभे राहून काय केले ते आरंभी लिहिले आहे. नवे रक्त पाठवा, हे शब्द त्यांनी गाळले.

माझी तक्रार मात्र इंजिनिअरपाशी संपत नाही. तो परका माणूस. समोर जे भाऊबंद उभे होते त्यांनी रक्त घेतले त्याच आठवड्यात आपापल्या घरी तेच रोट खाल्ले होते. हिलालचे रक्त त्या मंगळवारी घराबाहेर का जाऊ शकले नाही, हे त्यांना सांगावे लागले नसते. त्यांच्या घरी सुई आली असती तर त्यांच्या आयांनीही तेच केले असते. एकाने जरी म्हटले असते की साहेब, आमच्याकडे तेव्हा रोट चालू होते, तर हसणे तेथेच थांबले असते. कोणी म्हटले नाही. पँट घातलेल्या माणसापुढे कानबाईचे नाव काढायची त्यांना लाज वाटली. देवीची लाज वाटली म्हणून ते भावावर हसले. मी वर्गात माणसाच्या शेचाळीस गुणसूत्रांची आकृती फळ्यावर काढतो तेव्हाही मला मधूनच ही गोष्ट आठवते आणि खडू हातात तसाच राहतो.

त्या दिवसापासून हिलालला अक्का म्हणू लागले. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला अक्का म्हणतात. शब्द मानाचा आहे. लोटन नावाच्या एका मजुराने तो प्रथम वापरला. चहाचा पेला पुढे करून म्हणाला, "अक्का, पहिला तुमना." मग तो शब्द कामावरून गावात आला. पिठाच्या गिरणीवर आला. दुकानात उधारी मागायला नव्हे, साधी काडेपेटी घ्यायला गेला तरी आतून कोणी तरी विचारी, अक्काले काय जोयजे. हिलालने कामावर जाणे सोडले. मग गावात फिरणेही सोडले. पाणी आणायला तो दुपारी जाई, विहिरीवर कोणी नसे तेव्हा. पट्टी बांधलेला हात तो उपरण्याखाली ठेवी, चोरीचा माल लपवावा तसा.

गणपतीत मी गावी गेलो तेव्हा मला हे कळले. रक्त बाईचे निघाले याचा अर्थ मला लगेच समजला, फक्त कोणत्या बाईचे ते समजेना. गावाचा तर्क हिलालच्या पत्नीवर होता. पुष्पाबाई त्यामुळे माहेरी निघून गेली होती. मी हिलालला विचारले, तो जमिनीकडे पाहत राहिला. शेवटी भिकुबाईनेच सांगितले, आणि सांगताना ती पदराने तोंड पुसत होती, जणू तोंडालाच काही लागले आहे.

मी हिलालला म्हटले की हे लोकांना सांग. बहिणीने मायेने दिले, आईने देवीच्या भयाने तुझे अडवले, यात फसवणूक नाही. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले.

"नाना, बहीणनं नाव त्यासना तोंडमा कसाले? तिले सासर शे. माले हसतस, हसू द्या."

आणि नवे रक्त देण्यासही तो तयार होईना. आता रोट नव्हते, देवी नव्हती. होती ती फक्त लाज. पुन्हा रक्त द्यायचे म्हणजे पहिले कोणाचे होते हा प्रश्न पुन्हा येणार. माझे शिक्षण त्या ओट्यावर अगदी निरुपयोगी ठरले. मी गुणसूत्रे समजावून सांगितली, ही खूण रक्तात कायमची राहत नाही, काळाबरोबर विरळ होत जाते हेही सांगितले. तो ऐकत होता आणि मान हलवत होता. बोटांची टोके तोपर्यंत काळी पडू लागली होती.

मी मुंबईच्या त्या प्रयोगशाळेला पत्र लिहिले. ऑक्टोबरात तेथील एक डॉक्टरबाई इतर मदतनिसांचे रक्त घेण्यासाठी धुळ्यास यायच्या होत्या. मी बोदवडला गेलो आणि कमलबाईला सारे सांगितले. तिला यांतले काहीच ठाऊक नव्हते. भावाने कळूच दिले नव्हते. तिने सासूच्या देखत ऐकून घेतले आणि सासूच्या देखतच म्हणाली की मी धुळ्याला येते. सासू पुढे कित्येक महिने तिच्याशी बोलली नाही, असे मला नंतर समजले.

धुळ्याच्या त्या दवाखान्यात हिलाल माझ्या आग्रहाने आला होता, पण बाही वर करायला तयार नव्हता. बहीण दारातून आत आलेली पाहताच तो उठून उभा राहिला. कमलबाई त्याच्याकडे न पाहता सरळ डॉक्टरबाईंच्या टेबलापाशी गेली.

"ते रगत मनं शे. देवीना रोट चालू व्हतात म्हनीसन मी दिन्हं. भाऊनी कोनले फसाडं नही."

डॉक्टरबाईंना रोट म्हणजे काय ते मी समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग त्या भिकुबाईकडे वळल्या. ती कोपऱ्यात बसली होती.

"आजी, हे आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही चार दिवस थांबलो असतो. ही खूण चार दिवसांत पुसली जात नाही."

मला असे वाटले की त्या खोलीतल्या प्रत्येकाने त्या वाक्याचा आपापला वाटा घेतला. थांबता येत होते. कोणीच विचारले नव्हते, आणि कोणीच सांगितले नव्हते. हिलालने बाही वर केली. रक्त घेताना तो खिडकीबाहेर पाहत होता आणि बहीण त्याच्या शेजारी उभी होती.

दिवाळीनंतर निर्णय कळला. हिलालच्या रक्तात शंभर पेशींमागे आठांत दोन कमरांची गुणसूत्रे सापडली. एवढी ती ठिणगीने होत नाहीत आणि तेजाबाने होत नाहीत. सर्व अंगाला लागलेला मारा बराच होता. बोटांना आणि छातीला त्याच्या कितीतरी पट. प्रयोगशाळेने हे कंत्राटदाराच्या कार्यालयालाही कळवले. तेव्हा काम सोनगीरच्या पुढे सरकले होते, इंजिनिअर तेच होते आणि मजूरही बहुतेक तेच होते. कोणालाही बोलावण्यात आले नाही. नळावर कोणी चढले नाही. मी इंजिनिअरला भेटून विचारले तेव्हा ते म्हणाले की अशा गोष्टी जाहीर करण्याची पद्धत नाही.

जानेवारीत हिलालची उजव्या हाताची दोन बोटे कापावी लागली. छातीवरचा चौकोन भरून आला, पण कातडी पातळ राहिली. सदरा घासला तरी दुखते. पुष्पाबाई परत आली. कमलबाई पुढच्या राखीला आली नाही, तिला पाठवले नाही. यंदा आली. हा लेख लिहिण्याची परवानगी तिने मला दिली आणि माझे नाव लिहा असेही सांगितले. हिलालने परवानगी दिली नाही आणि नकारही दिला नाही. नाना, तुमले जमस तसं करा, एवढेच तो म्हणाला.

दोन वर्षे झाली. हिलाल कोरडवाहू शेतात राबतो, औत डाव्या हाताने धरायला शिकला आहे. खरे काय होते ते आता गावात सर्वांना कळले आहे; गिरणीवर, पारावर, दुकानात ते सांगितले जाते, सांगताना च्च् च्च् केले जाते. आणि त्याच गिरणीवर तो आला की अजूनही अक्काच म्हणतात. आता त्यात वाईट हेतू नसतो, असे मला सांगण्यात आले. सवय झाली, इतकेच. लहान मुलांना तर तेच त्याचे नाव वाटते. परवा एका मुलाने माझ्यासमोर त्याला अक्काबाबा अशी आदराने हाक मारली आणि तो 'ओ' म्हणून थांबला. मी जन्मात इतका खाली पाहून उभा राहिलो नव्हतो.

हा अंक आमच्या गावात, सोनगीरला, धुळ्यात आणि जळगावात वाचला जातो हे मला ठाऊक आहे. तेव्हा वाचकहो, माझी मागणी अशी आहे. तुमच्यापैकी जे त्या सोमवारी नळाच्या कामावर उभे होते त्यांनी, जेवढे लोक तेव्हा जमले होते तेवढ्यांच्या देखत, ते रक्त हिलालचे का नव्हते आणि नंतरच्या रक्तात काय निघाले हे मोठ्याने सांगावे. देवीचे नाव घेऊन सांगावे. जे तेथे नव्हते त्यांनी एवढेच करावे: तो माणूस भेटला की त्याला हिलाल म्हणावे.